साइटचे फोटो, तारखेचा शिक्का आणि ओपन सोर्स कॅमेरा अ‍ॅप: कोण काय वापरतं?

गिट्टीरेती
१२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहे. सध्या काम मानेवाड्याकडे, सिमेंट रस्त्याच्या कडेने पावसाळी नाली. रोज तीनदा फोटो काढावे लागतात: खोदून झाल्यावर, खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) टाकल्यावर आणि पाइप बसवून माती लोटायच्या आधी. एकदा माती लोटली की आत काय आहे ते देवालाच माहीत, म्हणून तो तिसरा फोटो म्हणजेच आमचं काम. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश छापलेले नसले की बिल अडकतं.

आतापर्यंत एक फुकटातलं, फोटोवर नकाशा छापणारं अ‍ॅप वापरत होते. नाव घेत नाही. दर दोन फोटोंमागे जाहिरात. परवा मिस्त्री खड्ड्यात स्टाफ (मापाची पट्टी) धरून उभा, मी फोटो घेणार, तेवढ्यात फोनवर रमीची जाहिरात मोठ्या आवाजात सुरू. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की ओल्या बोटाला लागेचना. तोवर मिक्सर आला, काँक्रीट पडलं, फोटो राहिला. त्या दिवशी साहेबांचं जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

भाच्याने ओपन कॅमेरा नावाचं अ‍ॅप टाकून दिलं. जाहिरात नाही हे बघूनच अर्धं समाधान झालं. पण सेटिंग उघडलं तर यादी संपतच नाही. शिक्का नेमका कुठून चालू करायचा? दुसरं, संध्याकाळचे फोटो फोनच्या मूळ कॅमेऱ्यापेक्षा खराब येतात, माझं काही चुकतं का? आणि आमच्या ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं बटण दाबलं की अजूनही कंपनीचाच कॅमेरा उघडतो, तो बदलता येईल का?

तर्रीपोहे
१२ जुलै, रात्री ९:५८

ताई, ती फुली मुद्दामच बारीक ठेवतात. बोट चुकलं की त्यांचे पैसे झाले. उत्तर माहीत नाही, पण धागा वाचून राहिलो. माझाही तोच प्रॉब्लेम आहे, फक्त मी सोलर पॅनल बसवतो.

झिरोमाईल
१२ जुलै, रात्री ११:१५

ताई, ती यादी पाहून घाबरू नका, बहुतेक गोष्टींना आयुष्यात हात लावायची वेळ येणार नाही. सावजीत मेनू कार्ड पाहतो का आपण? तसंच.

आधी अ‍ॅप खरं आहे ना ते तपासा. बनवणाऱ्याचं नाव मार्क हार्मन दिसलं पाहिजे. हा गृहस्थ २०१३ पासून हे अ‍ॅप सांभाळून आहे. कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे, म्हणजे कोणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो, फक्त बदललेलं वाटलं तर त्याचा कोडही द्यावा लागतो. प्ले स्टोअरवर आहे, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपांच्या दुकानातही आहे.

आता शिक्का. सेटिंगमध्ये फोटोच्या विभागात 'फोटो स्टॅम्प' शोधा आणि चालू करा. तारखेचा नमुना दिवस-महिना-वर्ष ठेवा, नाहीतर ७ ऑगस्ट आणि ८ जुलै यात साहेब लोक गोंधळतात. अक्षरांचा आकार आणि रंगही तिथेच. सिमेंटच्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हरवतं, पिवळं घ्या आणि मागे सावली राहू द्या. 'कस्टम टेक्स्ट' म्हणून एक रकाना आहे, त्यात कामाचं नाव लिहून ठेवा, प्रत्येक फोटोवर येईल.

पण नुसता शिक्का चालू करून अक्षांश-रेखांश येणार नाहीत. लोकेशनच्या विभागात 'स्टोअर लोकेशन डेटा' वेगळं चालू करावं लागतं, ते मुळात बंद असतं. त्याच्याच खाली 'रिक्वायर लोकेशन डेटा' आहे आणि तुमच्यासाठी सोन्यासारखी गोष्ट तीच. ते चालू असलं की जीपीएस सापडेपर्यंत अ‍ॅप फोटो काढायलाच नकार देतं. पहिले दोन दिवस चीड येईल. पण ऑफिसात बसून कोऱ्या कोपऱ्याचा फोटो पाहण्यापेक्षा ते परवडलं.

रेखांश-अक्षांश दशांशात ठेवा. दशांशाच्या पुढे चार आकडे म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर, पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर. अंश-मिनिट-सेकंदात सेकंद पूर्ण आकड्यात आला तर एका सेकंदाचं अंतर ३१ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे तुमची नाली समोरच्या घरातून जाताना दिसेल. अर्थात पाच आकडे छापले म्हणून फोनला तेवढं खरंच कळतं असं नाही. मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटरची चूक धरूनच चाला, आणि इतवारीच्या गल्लीत तर विचारूच नका.

नकाशाचं चित्र मात्र ओपन कॅमेरा छापत नाही. तुमच्या ऑफिसला नकाशाच पाहिजे असेल तर हे अ‍ॅप तुमच्या कामाचं नाही, ते आधी विचारून घ्या.

बाकीच्या दोन प्रश्नांचं उद्या लिहितो, झोप येऊन राहिली.

गिट्टीरेती
१३ जुलै, सकाळी ६:५०

@झिरोमाईल, खूप खूप आभार! नकाशा नको, आकडे चालतात, हे ऑफिसात विचारून झालंय. साइटवर जाता जाता शिक्का चालू केला, येतो! पिवळं अक्षर मस्त दिसतं.

पोट्टा_सक्करदरा
१३ जुलै, सकाळी ९:२०

अबे काहून एवढं डोकं लावता बे. जीकॅम टाका ना भाऊ. मी दोन वर्षं झाली वापरून राहिलो. रातचा फोटो असा येते का पाहतच राहा. ओपन सोर्स ओपन सोर्स म्हणता तं तेही फुकटच आहे ना.

झिरोमाईल
१३ जुलै, दुपारी १:०५

@पोट्टा_सक्करदरा, फुकट आणि खुलं यात फरक आहे राजा. शेजारच्याने फुकट जेवू घातलं म्हणून त्याने भाजीत काय घातलं ते दाखवलंच असं होत नाही. जीकॅम म्हणजे गूगलचा कॅमेरा, तो गूगलने आपल्या पिक्सेल फोनसाठी बनवला, त्याचा कोड बंद आहे. तुझ्या फोनवर जो चालतो तो कोणीतरी उसवून पुन्हा शिवलेला. शिवणारा चांगलाच असेल, पण त्याने आत काय टाचलं ते तुला-मला दिसत नाही, आणि कॅमेरा, माइक, लोकेशन सगळ्याची परवानगी आपण त्याला देऊन बसतो.

फोटो भारी येतो हे मात्र सोळा आणे खरं. त्यामागची युक्ती अशी की ते एक फोटो काढतच नाही. कमी उजेडाचे अनेक फोटो भराभर काढतं, ते एकमेकांवर नीट बसवतं आणि सरासरी घेऊन त्यातले दाणे काढून टाकतं. गंमत म्हणजे त्या पद्धतीवरचा शोधनिबंध गूगलच्याच लोकांनी २०१६ मध्ये छापला. पद्धत जगजाहीर, अ‍ॅप बंद!

पोट्टा_सक्करदरा
१३ जुलै, दुपारी १:२२

भाजीचं उदाहरण पटलं. पण मी जीकॅम काढणार नाही 😄

फुटाळ्याचा_बगळा
१३ जुलै, संध्याकाळी ७:३०

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नात मी पडतो, कारण हे दुखणं मी बरीच वर्षं सोसलंय. पक्ष्यांचे फोटो काढतो, फुटाळा आणि अंबाझरी तलावावर पहाटे.

ताई, तुमचं काही चुकत नाही. फोन बनवणारी कंपनी सेन्सरवरून आलेल्या चित्रावर स्वतःची बरीच रंगरंगोटी करते. दाणे पुसणं, सावली उजळणं, रात्रीसाठी अनेक फोटो एकत्र करणं, हे सगळं तिच्या स्वतःच्या अ‍ॅपात असतं. बाहेरच्या अ‍ॅपला अँड्रॉइडच्या दारातून जेवढं मिळतं तेवढंच मिळतं. त्या दाराचं नाव कॅमेरा२ एपीआय. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ सोबत आलं. त्याआधीच्या दारातून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि शटरचा वेग आपल्या हाताने धड ठरवताच येत नसे.

आता खरी मेख. दार उघडायचं किती, ते कंपनीच्या हातात. अँड्रॉइडमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत: लेगसी, लिमिटेड, फुल आणि लेव्हल ३. लेगसी म्हणजे पाटी नवी, दुकान जुनंच. फुल असेल तर शटर, आयएसओ हे सगळं हाती येतं. माझा आधीचा फोन बऱ्यापैकी महाग होता, तरी तिसऱ्या लेन्सला बाहेरच्या अ‍ॅपला हात लावू देत नव्हता. मागे तीन डोळे, बाहेरच्याला दिसतो एकच! दुकानात कोणी सांगत नाही हे. फोन घ्यायच्या आधी मित्राच्या तशाच फोनवर ओपन कॅमेरा टाकून पाहा, एवढं मी शिकलो.

तुमच्या फोनवर 'कॅमेरा एपीआय' मध्ये जाऊन कॅमेरा२ निवडा. मग नॉइज रिडक्शनचा मोड दिसू शकतो, तो कमी उजेडात काही फोटो एकत्र करतो. काही फोनवर मोडच्या यादीत एक्स अक्षर लावलेले पर्यायही दिसतात, एक्स-नाइट वगैरे. ते दिसले तर नशीबवान समजा, कारण ती कंपनीचीच रात्रीची करामत असते आणि कंपनीने ती बाहेरच्यांना वापरू दिलेली असते. नसतील तर संध्याकाळी मिस्त्रीला बॅटरी धरायला सांगा. खड्ड्यात प्रकाश तिरपा पडला की पाइपचे सांधे जास्त स्पष्ट दिसतात, समोरून मारलेल्या फ्लॅशपेक्षा कधीही बरं.

मला स्वतःला हे अ‍ॅप आवडतं ते फोकस पीकिंगसाठी. फोकस हाताने फिरवत गेलं की जिथे चित्र धारदार होतं त्या कडा रंगाने उजळतात. वेळूच्या काड्यांत बसलेला खंड्या असेल तर ऑटोफोकस काड्याच पकडत बसतो. हाताने फिरवला की काड्यांवरचा रंग ओसरतो आणि खंड्याच्या चोचीवर येतो. तो क्षण सापडला की श्वास रोखायचा आणि दाबायचं. आणि झेब्रा पट्टे: जिथे पांढरं इतकं जळलं की त्यात काही उरलं नाही, तिथे स्क्रीनवर तिरपे पट्टे येतात. बगळ्यांच्या फोटोला याच्याशिवाय गत्यंतर नाही, ऊन पडलं की बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग.

रॉ म्हणजे सेन्सरचं कच्चं चित्र असलेल्या डीएनजी फाइल्सही निघतात, पण साइटच्या कामाला त्याची भानगड करू नका, फोन भरेल आणि शिक्काही त्यावर येणार नाही.

अवांतर: स्क्रीनवर जो कोन दिसतो तो फोन किती तिरपा आहे त्याचा. पाइपचा उतार त्यावरून मोजू नका. आमच्या एका परिचिताने घराच्या गच्चीचा उतार तसा काढला होता. पाणी अजून तिथेच आहे.

मृगबहार
१४ जुलै, सकाळी ८:१०

काटोलकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की आम्हालेही फोटो काढा लागते, झाडाखाली पडलेल्या फळांचे. धागा कामाचा आहे, पण एक अनुभव सांगतो. दोन वर्षांमागची गोष्ट. जुना फोन, बॅटरी पार उतरली, बागेतच पॉवर बँक लावून चालू केला. बागेत रेंज नाही. चाळीसेक फोटो काढले, शिक्क्यासकट. घरी येऊन पाहतो तं तारीख २०१५ ची! फोनचं घड्याळ मागे गेलं होतं. आता मी हे फोटो दाखवू तरी कोणाले? त्या वर्षी तं आमच्या बागेतली अर्धी झाडं लावलीही नव्हती.

तं माझा सवाल असा का शिक्क्यावर भरवसा ठेवायचा तरी कशाले? मी चुकून मागे गेलो, दुसरा मुद्दाम जाईन.

झिरोमाईल
१४ जुलै, दुपारी २:४०

काका, लाख बोललात. शिक्का फोनच्या घड्याळावरून पडतो आणि घड्याळ कोणीही फिरवू शकतं. कस्टम टेक्स्टमध्ये तर वाटेल ते लिहिता येतं. नकाशा छापणाऱ्या बंद अ‍ॅपांतही यापेक्षा वेगळं काही नाही, फक्त तिथे चित्र जास्त रुबाबदार असतं. शिक्का म्हणजे बघणाऱ्याची सोय, पुरावा म्हणता येणार नाही.

पुराव्यासाठी वेगळं अ‍ॅप आहे, प्रूफमोड नावाचं, गार्डियन प्रोजेक्ट या मंडळींनी बनवलेलं, तेही ओपन सोर्स. फोटो तुम्ही तुमच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढायचा. ते मागच्या मागे फोटोच्या फाइलचा एक गणिती ठसा काढतं आणि त्यावर डिजिटल सही करतं, सोबत त्या वेळची फोनची माहिती नोंदवतं. नंतर फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. घड्याळ चुकीचं असेल तर ते बरोबर करून देणार नाही, पण फोटो नंतर कोणी हाताळला का एवढं कळतं.

तुमच्यासाठी साधा उपाय: बागेत गेल्यावर पहिला फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा काढा. अपहरण करणारे काढतात तसा.

मृगबहार
१४ जुलै, दुपारी ३:०२

😂 बागेत पेपर दुपारी येते. पण घड्याळ पाहून मंगच फोटो काढतो आता.

गिट्टीरेती
१४ जुलै, रात्री ८:१५

गणिती ठसा आमच्या साहेबांना सांगायला गेले तर ते मलाच दुसऱ्या साइटवर पाठवतील. त्यांना पिवळ्या अक्षरात तारीख दिसली की झालं 😀

@बगळाभाऊ, एक्स-नाइट माझ्या फोनवर नाही. बॅटरी तिरपी धरून पाहिली आज, खरंच सांधा न् सांधा दिसतो!

धंतोलीची_सुनंदा
१५ जुलै, दुपारी १२:३०

मी गृहिणी आहे, साइट-बिट काही नाही, पण हे अ‍ॅप माझ्याही फोनवर आहे. लेक पुण्याला असते, तिने टाकून दिलं. नातवासोबत माझा फोटो काढायला घरात कोणी नसतं. यात आवाजाने फोटो निघायची सोय आहे, टाळी वाजवली की क्लिक. फोन डब्याला टेकवून ठेवला, नातवाला मांडीवर घेतलं, टाळी वाजवणार तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. फोटो निघाला! मी तोंड वासून स्वयंपाकघराकडे बघतेय आणि नातू थेट कॅमेऱ्यात हसतोय. तोच फोटो आता लेकीच्या फोनच्या पडद्यावर आहे.

आवाज किती मोठा हवा ते कमी-जास्त करता येतं हे मग कळलं. आमच्याकडे वरण शिजत असलं की मी आता ते बंदच ठेवते.

माझा प्रश्न: बाळाचे फोटो सगळ्या नातेवाइकांना जातात. त्यात आपल्या घराचा पत्ता जातो म्हणतात, ते खरं का?

झिरोमाईल
१५ जुलै, संध्याकाळी ६:२०

काकू, कुकरवाला किस्सा झकास! पत्ता शब्दांत नाही जात, पण लोकेशन चालू ठेवून फोटो काढला तर फाइलच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिले जातात. त्याला एक्झिफ म्हणतात. फोटोवर काही दिसत नाही, पण फाइल उघडून वाचता येतं. ओपन कॅमेऱ्यात ते मुळात बंद असतं, साइटवाल्या ताईंनी चालू केलं, तुम्ही तसंच बंद राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि ही पोटातली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. म्हणून हाच नियम ताईंना उलटा लागू: ऑफिसात मूळ फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

फार काळजी वाटत असेल तर सिक्युअर कॅमेरा नावाचं अ‍ॅप आहे, ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली फोन-प्रणाली बनवणाऱ्या लोकांचं. ते फोटोतली ही माहिती आपणहूनच काढून टाकतं, आणि दिसायला इतकं साधं आहे की त्यात हरवायला जागाच नाही. आधी काढलेल्या फोटोंसाठी एफ-ड्रॉइडवर स्क्रॅम्बल्ड एक्झिफ आहे, पाठवताना मधल्या मध्ये साफ करतं.

मंडप_डेकोरेशन
१५ जुलै, रात्री १०:०५

मधेच घुसतो, माफी. एलईडीच्या माळांचे फोटो काढले की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. गिऱ्हाइकाले दाखवावं तं तो म्हणते माळा खराब आहेत तुमच्या. डोळ्याले तं काहीच दिसत नाही. गणपतीचं बुकिंग सुरू झालं, काही करता येते का?

फुटाळ्याचा_बगळा
१५ जुलै, रात्री १०:४८

माळा खराब नाहीत भाऊ, वीज आपली ५० हर्ट्झची आहे. दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, स्वस्त माळा अर्ध्याच लहरीवर चालतात, त्या ५० वेळा. डोळ्याला ते कळत नाही. पण फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर खूप वेगात असलं की काही ओळी दिवा पेटलेला असताना वाचल्या जातात, काही विझलेला असताना. विझलेल्या ओळी म्हणजे तुमचे काळे पट्टे.

उपाय सोपा. ओपन कॅमेऱ्यात अँटी-बँडिंग म्हणून सेटिंग आहे, ते ५० हर्ट्झवर ठेवा. ६० वर असेल तर ते अमेरिकेच्या विजेचं. तरी पट्टे राहिले तर शटर हाताने १/५० सेकंदावर आणा, म्हणजे प्रत्येक ओळीला एक पूर्ण लहर मिळते. उजेड जास्त झाला तर आयएसओ खाली. शटर १/५० वर हात हलू देऊ नका, फोन बांबूला टेकवा. मंडपात बांबूची काय कमी!

मंडप_डेकोरेशन
१६ जुलै, सकाळी ११:१२

झालं ना भाऊ! गोडाऊनमध्ये माळ लावून पाहिली. १/५० वर एक पट्टा नाही. गणपतीत भेटा, चहा माझ्याकडून.

झिरोमाईल
१६ जुलै, दुपारी १२:५०

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच होता. ऑफिसच्या अ‍ॅपातलं कॅमेऱ्याचं बटण. दुर्दैवाने तिथे आपलं काही चालत नाही. अँड्रॉइड ११ पासून (२०२०) गूगलने नियम केला की दुसऱ्या अ‍ॅपने 'एक फोटो काढून दे' म्हटलं की फोनसोबत आलेलाच कॅमेरा उघडेल, आपण टाकलेला नाही. कारण सांगतात सुरक्षेचं, की एखादं लबाड कॅमेरा अ‍ॅप मधे बसून फोटो आणि लोकेशन खाऊ नये. कारण खोटं नाही, पण चोराच्या भीतीने घरमालकालाच किल्ली द्यायची नाही असा प्रकार झाला. निदान सेटिंगमध्ये एक बटण तरी ठेवायचं, ज्याला कळतं तो चालू करेल.

तुमच्या ऑफिसच्या अ‍ॅपात 'गॅलरीतून निवडा' असेल तर ते वापरा. ओपन कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम या फोनच्या फोटोंच्या फोल्डरच्या आत ओपनकॅमेरा नावाच्या फोल्डरमध्ये जातात. फोल्डर बदलता येतं, दर कामाला वेगळं करा. गॅलरीच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की आधी वापरलेली फोल्डरं दिसतात, सकाळी एका साइटवर आणि दुपारी दुसऱ्या असाल तर तिथल्या तिथे बदला. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला आयएमजी ऐवजी कामाचं नाव टाकायचीही सोय आहे.

कोणीतरी मला व्यक्तिगत निरोपात सिंपल कॅमेऱ्याबद्दल विचारलंय. ते ज्या सिंपल मोबाइल टूल्स संचातलं होतं तो संच २०२३ च्या शेवटी विकला गेला. पण कोड खुला होता, म्हणून त्यावर आधीपासून काम करणाऱ्यांनी तोच उचलून फॉसिफाय नावाने वेगळी चूल मांडली. बंद अ‍ॅप विकलं गेलं असतं तर आपण नुसतं बघत बसलो असतो. ओपन कॅमेऱ्यातूनही हेजकॅम २ असंच फुटून निघालेलं आहे, पण नवशिक्याने मूळचंच घ्यावं असं माझं मत.

गिट्टीरेती
२१ जुलै, रात्री ९:०५

आठवडा झाला, म्हणून हिशेब देते.

गॅलरीतून निवडायची सोय आहे, चालतंय. 'रिक्वायर लोकेशन' ने पहिल्या दिवशी खरंच रडवलं, ढग भरून आलेले आणि मी फोन आभाळाकडे धरून उभी, मजुरांना वाटलं ताई पावसाची प्रार्थना करून राहिल्या. पण आता एकही फोटो आकड्यांशिवाय गेला नाही. पावसात स्क्रीनला बोट लागत नाही, तर आवाजाच्या बटणाने फोटो काढते. हे मला माझंच सापडलं, कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा ऐट!

सगळी सेटिंगं एका फाइलमध्ये सेव्ह करता येतात हेही सापडलं. ती फाइल आमच्या दुसऱ्या दोन सुपरवायझर पोरांना पाठवली. एकाच्या फोनवर फोटोचा आकार पुन्हा निवडावा लागला, बाकी सगळं आलं. आता तिन्ही साइटचे फोटो सारखे दिसतात. साहेबांनी विचारलं, नवं अ‍ॅप विकत घेतलं का?

आता फजिती. कस्टम टेक्स्टमध्ये मी कामाच्या नावासोबत चेनेज, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासूनचं अंतर, तेही लिहीत होते. शुक्रवारी १२० मीटरवर होतो, शनिवारी १८० वर गेलो, आणि बदलायचं राहिलं. शनिवारचे चौदाच्या चौदा फोटो 'चेनेज १२०' लिहून बसलेत. पुसता येतं का हो ते?

झिरोमाईल
२१ जुलै, रात्री ९:३०

नाही ताई. शिक्का फोटोत भाजला जातो, मागचं चित्र उरतच नाही. पण फाइलच्या पोटातले अक्षांश-रेखांश खरे आहेत आणि छापलेले आकडेही खरे आहेत. दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवा, साठ मीटरचा फरक चौथ्या दशांशातच दिसेल. तेवढं दाखवून साहेबांना आधीच सांगून टाका, त्यांनी पकडायच्या आधी.

गिट्टीरेती
२२ जुलै, रात्री ८:४५

सांगितलं. फार बोलले नाहीत, पाऊस होता म्हणून वाचले बहुतेक.

आता कस्टम टेक्स्टमध्ये फक्त कामाचं नाव. चेनेज पाटीवर खडूने लिहायचा आणि मिस्त्रीने पाटी पाइपशेजारी धरायची. मिस्त्री म्हणतो, मी वीस वर्षांपासून हेच सांगून राहिलो होतो.

तर्रीपोहे
२२ जुलै, रात्री ८:५१

पाटी पावसात पुसत नाही का?

गिट्टीरेती
२२ जुलै, रात्री ९:०२

पुसते ना. म्हणून खडू मिस्त्रीच्या कानावर असतो.